विहिरीच्या वाटेवर जहाजाचे नांगर

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५. पहाटे दाट धुकं, आठच्या सुमारास विरळ. वारा नाही, गारठा बेताचा. धुक्यामुळे विमानं उशिरा उतरत होती, आणि ती एकामागून एक माझ्या डोक्यावरून खाली गेली.

मी वाट आहे. देवनहळ्ळीच्या बाजारात फूलवाल्या बसतात त्या कोपऱ्यापासून निघते, किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरते, देवळाच्या मागच्या भिंतीला वळसा घालते आणि गोड्या विहिरीच्या कठड्यापाशी थांबते. वाटेनं गप्प पडून राहावं, वर कोण चाललंय याची चौकशी करू नये, अशी रीत आहे. मी ती आजवर पाळली. त्या गुरुवारी सकाळी माझ्या अंगावर जे घडलं, त्यानंतर ती पाळायची माझी इच्छा नाही.

माझा जन्म कुणी ठरवला नव्हता. कळशी भरून घरी जाताना पाणी हिंदकळतं, थोडं सांडतं. सांडलेल्या जागी गवत रुजत नाही, पाऊल तिथेच पुन्हा पडतं. अशी मी झाले. फरस्या मागाहून आल्या. त्या कुणी बसवल्या ते मला सांगता येणार नाही, कारण बसवणाऱ्यानं नाव कोरलं नाही आणि मीही विचारलं नाही.

विहिरीला आसपासचे लोक सिही बावी म्हणतात. इथली जुनी मराठी घरं तिला गोडी विहीर म्हणतात. ही घरं कधी काळी घोड्यांच्या पागेबरोबर इकडे आली आणि राहून गेली. आज त्यांच्यातलं कुणी बँकेत आहे, कुणी विमानतळावर, कुणी टॅक्सी चालवतं. घरात मराठी, दारात कन्नड. आजीला ती अज्जी म्हणतात आणि भाकरीला भाकरीच.

नळ आले तेव्हा माझ्यावरची वर्दळ कमी झाली. बोअरवेल आली तेव्हा आणखी कमी झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बायकांच्या कमरेवरचं ओझं गेलं, त्यात वाईट काय वाटायचं? माझ्या फटींतून हरळी उगवली, शेळ्या येऊन चरून गेल्या, पोरांनी माझ्यावर गोट्यांसाठी गल केले. पण एक येणं चुकलं नाही. मराठी घरात लग्न निघालं की आदल्या दिवशी सकाळी नवरी पाच सवाष्णींना घेऊन विहिरीवर यायची. गंगापूजा. ही चाल या घरांनी शेजारच्या कन्नड घरांकडून घेतली असं जुनी माणसं म्हणतात, आणि घेतलेली वस्तू जपून ठेवावी तशी ती जपली. विहिरीला हळदकुंकू, खण, विडा, केळी. मग नवरीनं तांब्याची कळशी भरायची आणि कमरेवर घेऊन घरी जायचं. वाटेत कळशी खाली टेकवायची नाही, मागं बघायचं नाही. त्या पाण्यात तिची हळद कालवायची. हे पाणी आल्याशिवाय हळदीला हात लावायचा नाही.

त्या दिवशी माझ्यावर थेंब पडायचे. जन्माच्या वेळी पडले होते तसेच.

आता योगीराजविषयी. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. वाईट असता तर माझा राग सोपा झाला असता.

योगीराज पुण्याचा, नोकरी बंगळूर शहरात, इंदिरानगरच्या एका ऑफिसात. सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशवी लावून जुन्या गावांतून हिंडायचा त्याला छंद. एकदा तो समुद्रकाठच्या कुठल्याशा जुन्या गावी गेला होता. तिथं चालत बघायची एक वाट केलेली आहे म्हणे: दीपगृह, जकातीचं घर, गोऱ्यांची दफनभूमी, मासळीबाजार. प्रत्येक ठिकाणी फलक, फलकाच्या खांबावर जहाजाचा लोखंडी नांगर, आणि रस्त्यावर निळ्या रंगाची लाटांसारखी रेघ, म्हणजे माणूस चुकू नये. योगीराजला ते फार आवडलं. आपल्या देवनहळ्ळीला असं काही का नसावं, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी एक समिती केली. फलकही त्याच गावच्या कारागिराकडून, त्याच साच्यातून करून आणले.

त्या गावाला समुद्र होता. इथून समुद्राला जायचं तर रात्रीच्या बसला बसावं लागतं. तरीही माझ्या कडेला जहाजाचे नांगर उभे राहिले, आणि ज्या फरस्यांवर कळशीचं पाणी वाळत आलं होतं त्यांच्यावर निळ्या लाटा रंगवल्या गेल्या. मला कुणी विचारलं नाही. मी वाट, मला विचारणार तरी कोण? पण चुना नको, डांबर नको, एवढं तरी मी कुणाच्या स्वप्नात जाऊन सांगितलं असतं. लाटा नको म्हणून सांगावं लागेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

विहिरीजवळच्या खांबावरचा नांगर बघून सकवारबाई म्हणाल्या होत्या, "हा गळ इथं कुणी टांगला?"

सकवारबाई म्हणजे विहिरीपासून तिसऱ्या घरातल्या. वय सत्तरीच्या पुढं, चाल अजून ताठ. विहिरीत पडलेलं भांडं काढायचा गळ साऱ्या आळीत त्यांच्या घरीच आहे. लोखंडी दांडी, खाली चार वाकडे आकडे. तो जहाजाच्या नांगराचाच धाकटा भाऊ दिसतो, हे खरं.

"आजी, तो अँकर आहे," योगीराज म्हणाला. "जहाजाचा."

"जहाज कुठाय बा?"

"थीम आहे, आजी."

"सरी," सकवारबाई म्हणाल्या, म्हणजे बरं. त्यांनी पुढं विचारलं नाही. कॉफी प्यायला मात्र बोलावलं.

त्या कॉफीनं सगळा घोटाळा केला. सकवारबाईंच्या ओट्याला माझी कड लागून आहे, म्हणून मी शब्दन् शब्द ऐकला. योगीराजनं फोन मधे ठेवला आणि गंगापूजेचं विचारलं. सकवारबाईंनी सगळं सांगितलं. पण कसं सांगितलं? या घरांतली सून, ती स्वतः आजी झाली तरी, रीतीभातीविषयी बोलताना "मी असं करते" म्हणत नाही. ते उद्धटपणाचं समजतात. तिनं म्हणायचं, "आमच्या सासूबाई असं करायच्या." मीठ किती घालायचं इथपासून देवापुढे दिवा कसा लावायचा इथपर्यंत सगळं श्रेय सासूबाईंचं. म्हणून सकवारबाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाई नवरीला घेऊन जायच्या. पाच जणी असायच्या. सासूबाई कळशीला आधी विभूती लावायच्या." त्यांच्या सासूबाईंना जाऊन कितीक वर्षं झाली. मागच्याच वैशाखात दोन नवऱ्या मुलींना विहिरीवर घेऊन आल्या होत्या त्या या सकवारबाईच.

योगीराजनं मान डोलवली. "वाव. किती सुंदर होतं ते सगळं."

एवढं तरी विचारावं, की आता कोण करतं? नाही विचारलं. महिन्याभरानं फलक लागला. इंग्रजी आणि कन्नड. अर्थ असा: 'पूर्वी इथल्या स्त्रिया विवाहाच्या आदल्या दिवशी या विहिरीची पूजा करत. ही प्रथा आता राहिलेली नाही.'

सकवारबाईंना इंग्रजी येत नाही आणि बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी फलकाच्या खांबाला हळदकुंकू वाहिलं. नवीन वस्तू दारात आली की त्या वाहतात.

मग रविवार सुरू झाले. सकाळी बस यायची, माणसं उतरायची, गळ्यात निळ्या फिती. मी माणसांना नको म्हणत नाही. पावलं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. पण ही पावलं कशी पडायची ते सांगते. ती निळ्या रेघेवर पडायची, रेघेबाहेर नाही. फूलवाल्यांच्या कोपऱ्यावर ती थांबायची नाहीत, कारण तिथं फलक नाही. देवळामागच्या भिंतीशी बसून एक म्हातारा पूर्वी वहाणा शिवायचा, त्याचा मुलगा आता तिथंच छत्र्या दुरुस्त करतो. त्याच्यावरून ती सरळ पुढं जायची. फलकाचा फोटो काढायची. फलकात जे लिहिलंय ते ज्याच्याविषयी आहे, ती वस्तू फलकाच्या मागं उभी असायची, आणि तिचा फोटो काढताना फलक आड येतो म्हणून कुरकुर व्हायची.

एका रविवारी एक जण स्वतःचा फोटो काढायला कठड्यावर वाकला आणि फोन विहिरीत पडला. आरडाओरडा झाला. सकवारबाई गळ घेऊन आल्या, पदर खोचला, दोर सोडला. फोनच्या मनगटी दोरीत आकडा अडकला आणि फोन वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. योगीराज म्हणाला, "आजी, यू आर अमेझिंग."

पुढच्याच आठवड्यात विहिरीवर लोखंडी जाळी बसली. मधे झाकण, झाकणाला कुलूप. किल्ली इंदिरानगरला. सुरक्षा म्हणून. ज्या बाईनं फोन काढून दिला, तिच्या विहिरीला कुलूप. गावाशी बोलून केलं असं समिती सांगते. सभा झाली, हे खरं. बुरुजावर झाली, रविवारी भर बाजाराच्या वेळी. त्या वेळी गाव बाजारात होतं.

सकवारबाईंच्या नातीचं लग्न ठरलं ते डिसेंबरात. नात भूमिका, लेकीची लेक. विमानतळावर सामान तपासायच्या काउंटरला असते, पहाटेची पाळी करून माझ्यावरून घरी येते. तिची आई ती लहान असताना गेली, आजीनंच वाढवली. फेब्रुवारीच्या सात तारखेचा मुहूर्त. जानेवारीत सकवारबाई केरसुणी घेऊन विहिरीचा काठ झाडायला आल्या आणि कुलूप हातात धरून उभ्या राहिल्या.

विहिरीवर समितीनं एक राखणदार ठेवला होता, गिरीराज. भालकीकडचा, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच वेगानं बोलणारा.

"किल्ली दे बा," सकवारबाई म्हणाल्या.

"माझ्यापाशी न्हाई, मावशी. मला राखायला ठेवलंय, उघडायला न्हाई."

"मग तू राखतोस काय?"

"कुलूप," गिरीराज म्हणाला, आणि स्वतःच हसला.

भूमिकानं योगीराजला फोन लावला. ती माझ्यावरच उभी होती, आवाज मोठा ठेवला होता.

"अगं, काँग्रॅट्स! किती छान," योगीराज म्हणाला. "पण गुरुवारी स्लॉट नसतो. विहीर रविवारीच ओपन होते, वॉकच्या वेळी. लिंक पाठवतो, त्यावर बुकिंग कर."

"सर, माझ्याच विहिरीचं बुकिंग?"

"म्हणजे, ती हेरिटेज आहे ना आता."

"माझं लग्न शुक्रवारी आहे. पाणी गुरुवारी लागतं. त्याशिवाय हळद लागत नाही."

मग तो म्हणाला, "वेट. तुम्ही अजून करता हे?"

भूमिकानं फोनकडे बघितलं, आजीकडे बघितलं. "सर, तुम्ही आमच्या घरी बसून कॉफी प्यालात. विचारलं का नाहीत?"

तो ओशाळला असावा. समितीशी बोलतो, गुरुवारी सकाळी स्वतः किल्ली घेऊन येतो, प्रॉमिस, असं म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. सकवारबाईंनीही ठेवला. त्यांनी कळशी चिंचेनं घासून ओट्यावर उन्हात पालथी घातली.

आणि आता तो गुरुवार, ज्याचं हवामान मी सुरुवातीला सांगितलं.

नवरी, पाच सवाष्णी आणि पुढं सकवारबाई. त्या विधवा, कळशीला हात लावणार नाहीत, पण वाट दाखवायचा मान त्यांचा. भूमिकानं मुंडावळ्या बांधल्या नव्हत्या, हिरव्या बांगड्या तेवढ्या होत्या. धुक्यात सगळ्या कठड्याशी थांबल्या. घरी हळदीचा जिन्नस ताटात कोरडा वाट बघत होता.

योगीराजचा निरोप फोनवर आला. भूमिकानं तो मोठ्यानं वाचला. "आजी, सॉरी. समितीनं परमिशन दिली नाही, रिस्क आहे म्हणाले. पण एक आयडिया आहे. रविवारी ग्रुपसमोर तुम्ही पूजा करून दाखवाल का? लग्न झालेलं असलं तरी चालेल. लोकांना खूप आवडेल."

लग्न झालेलं असलं तरी चालेल. हे वाक्य मी माझ्या फरसीवर कोरून ठेवलं असतं, पण फरसीला हात नसतात.

एक सवाष्ण सकवारबाईंना म्हणाली, "अक्का, नळाचं घेऊ या. पाणी ते पाणीच."

भूमिकाचा चेहरा उतरला. ती एरवी कुणाचं न ऐकणारी मुलगी, पण त्या दिवशी तिनं रिकामी कळशी पोटाशी धरली. हळूच म्हणाली, "अज्जी, आईनं याच पाण्याची हळद लावली होती ना?"

"हो," सकवारबाई म्हणाल्या. मग नेहमीसारखं "आमच्या सासूबाई" असं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मी घेऊन आले होते तिला. माझ्या मागं चालत होती. स्वल्प थांब."

त्यांनी घरून गळ मागवला. देवापुढचा लहान तांब्याही मागवला. कळशी जाळीतून जाईना, तांब्या तेवढा आडवा करून गेला असता. तांब्या गळाशेजारी दोराला बांधला, म्हणजे गळाच्या वजनानं बुडेल. दोर जाळीतून खाली सोडला. पाण्याचा आवाज आला.

गिरीराज पुढं झाला. "मावशी, मला नोकरी हाय."

"मग तोंड फिरव."

त्यानं तोंड फिरवलं. दोर जाळीला घासत अडला, तेव्हा त्यानं मागं न बघता हात मागं केला आणि दोर धरला. "मी काय बघतच न्हाई," तो म्हणाला. "खेचा."

तांब्या वर आला की जाळीतून काढताना वाकडा करावा लागायचा, आणि अर्धं पाणी परत विहिरीत पडायचं. उरलेलं अर्धं कळशीत. पुन्हा सोडायचा, पुन्हा खेचायचा. प्रत्येक सवाष्णीनं आपल्या हातानं काढला. हसू येऊ लागलं, मग गाणं सुरू झालं. लोखंडावर पूजेच्या हळदीची बोटं उमटली. कळशी भरायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. धुकं तोवर उठलं होतं.

शेवटचे दोनतीन तांबे उरले असताना देवळाच्या बाजूनं तीन जण आले. निळ्या फितीवाले नव्हते, आपले आपण आलेले, हातात फोन. त्यांनी बरंच चित्रण केलं. एक जण म्हणाला, "किती ऑथेंटिक." दुसऱ्यानं भूमिकाला सांगितलं की परत एकदा दोर सोडा, उजेड आता चांगला आलाय. भूमिकानं कळशी कमरेवर घेतली. मागं बघायचं नसतं, म्हणून तिनं उत्तरही मागं वळून दिलं नाही.

"उजेड इथं रोज असतो," ती म्हणाली, आणि चालू लागली.

तिसऱ्या घराच्या ओट्यापर्यंत माझ्यावर थेंब पडत गेले. निळ्या लाटांवर पडले, तिथं ते दिसले नाहीत. बाकी सगळीकडे दिसले.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. त्या तिघांचं चित्रण सगळीकडे फिरलं, योगीराजच्या समितीपर्यंतही पोचलं. योगीराज पेढे घेऊन आला, सकवारबाईंच्या पाया पडला. फलक बदलायचा, चूक सुधारायची, असं त्यानं माझ्यावर उभं राहून कबूल केलं. मी पुन्हा विश्वास ठेवला.

तुम्ही माझ्यावरून चालायला येणार असाल तर या. माझी काही अडचण नाही. फक्त फलक वाचून झाला की त्याच्या मागं जा. तिसऱ्या घरात एक बाई असते, तिला विचारा. ती सासूबाईंचं नाव घेईल, तेव्हा लगेच मान डोलवू नका. आणखी एकदा विचारा, की आता कोण करतं. निळ्या रेघेबाहेर पाय पडला तर मला आवडेल. मी तिथंही आहे.

रविवार, २७ एप्रिल २०२५. काल संध्याकाळी वळवाचा शिडकावा. आज आकाश मोकळं, फरस्या नऊपर्यंत ओल्या. सकाळी विहिरीजवळचा जुना फलक काढून नवा बसवला. खांबावरचा नांगर तोच. फलकावर भूमिकाचा फोटो आहे, शेजारी दोर धरलेल्या सकवारबाई. मजकूर इंग्रजी आणि कन्नड. अर्थ असा: 'पूर्वी इथल्या स्त्रिया विवाहाच्या आदल्या दिवशी गळाला तांब्या बांधून, लोखंडी जाळीतून या विहिरीचं पाणी काढत. ही प्रथा आता राहिलेली नाही.' जाळीला कुलूप आहे. किल्ली इंदिरानगरला.